अंत्यविधी व्यवस्थापक : काम कोणाचे, मान कोणाचा?

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे भागात आम्ही सामाजिक काम करतो. घरात माणूस गेला की अनेकदा आम्हाला फोन येतो, "आता काय करायचं?" गावात हा प्रश्न पडत नसे, भावकी धावून येई. इथे शेजारी कामावर आणि मुले परगावी. ही जागा आता अंत्यविधी व्यवस्थापक भरून काढू लागला आहे.

तो शववाहिका, शीतपेटी, तिरडीचे सामान आणतो, स्मशानभूमीत वेळ ठरवतो, कागदपत्रे पाहतो. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला आधी लागतो. १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. मृत्यू रुग्णालयात झाला तर ती माहिती रुग्णालय देते, घरी झाला तर कुटुंबाने द्यायची. विमा, पेन्शन, वारसा सगळे याच नोंदीवर अडते. मुंबईच्या 'सुखांत' कंपनीने २०२२ मध्ये दिल्लीच्या व्यापार मेळाव्यात अशा सेवेचा स्टॉल लावला, तेव्हा ३७,५०० रुपयांच्या सभासद शुल्काची देशभर चर्चा झाली.

आज पैसे मोजून मिळणारी हीच कामे आपल्या पणजोबांकडून वेठीने करून घेतली जात. मर्तिकाचा सांगावा परगावी न्यायचा, सरणाची लाकडे वाहायची आणि मोबदला म्हणून प्रेतावरचे कापड घ्यायचे. या वतनी गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. काम हलके नव्हते, ते जातीवर लादणे हलके होते.

म्हणून व्यवस्थापक ठरवताना तीन गोष्टी करा. एक, सगळा दर आधी लिहून घ्या. दोन, विधी बौद्ध पद्धतीने होईल हे पहिल्याच फोनवर सांगा. तयार पॅकेजमध्ये मडके आणि पिंडाचे सामान असू शकते, आणि बावीस प्रतिज्ञांत पिंडदानाला स्पष्ट नकार आहे. आपल्याला भन्ते किंवा बौद्धाचार्य, त्रिशरण-पंचशील, फुले आणि मेणबत्त्या पुरतात. तीन, प्रेत उचलणाऱ्या कामगाराला हातमोजे आणि पुरती मजुरी मिळते का, हे विचारा. तो बहुधा आपल्यातलाच कोणी असतो.

ज्यांना हा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक विहाराने कागदपत्रे जाणणाऱ्या पाच जणांची यादी फलकावर लावावी. गाडी भाड्याने मिळेल, पण खांदा आपणच द्यायचा आहे.