गड्याचा रोज, बाईचा रोज

जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत भल्या सकाळी भरून निघालेल्या जीपमध्ये कोण असते? कांदा लागणीला, खुरपणीला, टोमॅटो तोडणीला जाणाऱ्या आमच्याच आया-बहिणी. संध्याकाळी हाती पडणारा रोज मात्र दोन तऱ्हेचा, गड्याचा वेगळा आणि बाईचा वेगळा. विचारले तर उत्तर तयार असते : 'गड्याचे काम जड, बाईचे हलके.' दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईचे काम हलके कसे, हे कोणी सांगत नाही.

हीच युक्ती मुंबईच्या कचेरीतही चालली. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्त्री लघुलेखकांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. कंपनी म्हणाली, त्यांचे पद वेगळे, शिवाय युनियनशी करारच तसा झाला आहे. ऑड्री डिकोस्टा यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. पहिल्या पायरीवर अर्ज फेटाळला गेला, अपिलात न्याय मिळाला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. काम सारखे असेल तर करार किंवा कंपनीची ऐपत ही सबब चालत नाही, असे ठरले.

दुसरा भेदभाव याहून छुपा असतो. नियम सर्वांना एकच, पण झळ बाईलाच! सैन्यात कायम नेमणुकीसाठी तंदुरुस्तीची अट स्त्रियांना पुरुषांचीच लावली. पण पुरुषांची तपासणी ऐन तारुण्यात झालेली, स्त्रियांची मात्र वय उलटल्यावर. २५ मार्च २०२१ रोजी 'नितीशा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यालाही भेदभावच म्हटले. 'रात्री थांबेल त्यालाच कायम करू' अशी अट कोणी घातली, तर कामाला तिची खरोखर गरज आहे का, हे आपण विचारलेच पाहिजे.

बाळंतपणात कामकरी स्त्रीला विसावा व भत्ता मिळावा, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात आवाज उठवला होता, हे विसरू नये.

भगिनींनो, समान वेतनाची तरतूद आता वेतन संहितेत आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. म्हणून मुलीच्या जुन्या वहीत रोज लिहून ठेवा : तारीख, काम, गड्याला किती, आपल्याला किती. एकटीने भांडू नका, दहाजणींनी मिळून सहीचा अर्ज करा. आणि बंधूंनो, घरात येणारा तिचा रोज कमी पडतो, तेव्हा चूल तुमचीही थंडावते. तिच्या अर्जाला तुमची साथ हवी.