कोंबडी लंगडते तेव्हा काय पाहावे?



नवापूर तालुक्यातील पाड्यांवर मी घरभेटींना जाते, तेव्हा बचत गटाच्या हिशेबाआधी एक प्रश्न हमखास येतो : “ताई, कोंबडी लंगडते, दाणे टिपत नाही. काय करू?” परसातल्या पाच-सहा कोंबड्या म्हणजे घरच्या बाईच्या हातातला पैसा. बाजाराच्या दिवशी एक विकली की तेल-मीठ येते, मुलांच्या वह्या येतात. त्यामुळे कोंबडी लंगडली की पुष्कळ घरी ती मरण्याआधी कापतात किंवा विकून टाकतात. दुखणे साधे असेल तर बरी होणारी कोंबडी हातची जाते, आणि साथ असेल तर ती बाजारातून दुसऱ्या पाड्यावर पोचते.

लंगडणे हा रोग नाही, ती खूण आहे. तिच्यामागचे कारण शोधायचे असते. कोंबडी आधी वेगळ्या डालग्याखाली ठेवा, पाणी व दाणे जवळ द्या. मग एकच प्रश्न विचारा : एकच कोंबडी आजारी आहे की अनेक?

एकटीच लंगडत असेल तर पायापासून वर पाहत या. बोटांत केस, सुतळी किंवा नायलॉनचा दोरा गुंडाळला असेल तर तो अलगद कापा. तळव्याला काळी खपली व सूज असेल तर काटा किंवा खडा लागून आत पू झालेला असतो. कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, खाली कोरडा भुसा किंवा पेंढा घाला. गाठ घरी ब्लेडने कापू नका. नडगीवरचे खवले उचलून पांढरट, जाड झाले असतील तर त्याखाली बारीक किडे असतात. खोबरेल तेल चोळून लावा व काही दिवसांनी पुन्हा लावा. रॉकेल लावू नका, कातडी भाजते.

अंड्यावरची कोंबडी फेंगडी चालत असेल, शेपटी पाडून जोर करत असेल, तर अंडे अडकलेले असू शकते. तिला पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात बसवा व उबदार जागी ठेवा. पुढे अंड्याची टरफले भाजून, कुटून दाण्यात मिसळत जा. चुना कमी पडला की पायांचे हाडही अशक्त होते. लहान पिल्लांची बोटे आत वळली असतील तर बहुधा जीवनसत्त्व ‘बी-२’ कमी असते. वेळीच पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स दिले तर पिल्ले सुधारतात.

दोन ते पाच महिन्यांची तलंग एक पाय पुढे व एक मागे टाकून पडली असेल, तर मॅरेक्स रोगाचा संशय घ्यावा. त्यावर औषध नाही. त्याची लस अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्याच दिवशी द्यावी लागते. म्हणून सुधारित जातीची पिल्ले घेताना “मॅरेक्सची लस दिली आहे का?” असे विचारा.

अनेक कोंबड्या एकदम आजारी असतील तर घरगुती उपाय करत बसू नका. हिरवी पातळ विष्ठा, धाप, पाय-पंख लुळे, मान पिळवटलेली, ही राणीखेतची म्हणजे मानमोडीची लक्षणे आहेत. तुरा निळा पडून, डोके सुजून पटापट मरू लागल्या तर बर्ड फ्लूचाही संशय घ्यावा. 2006 च्या फेब्रुवारीत देशातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू प्रथम आढळला तो आपल्याच नवापुरात, हे विसरू नये. अशा वेळी पक्षी विकू नका, कापू नका, उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात फेकू नका. मुलांना दूर ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मानमोडी झाल्यावर औषध नाही, पण आधी लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीची सुई. पुढची सुई कधी, ते दवाखान्यात विचारून घ्या. लस बर्फात आणावी लागते. एका बाटलीत अनेक कोंबड्यांची लस असते आणि ती कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कोणी एकटी बाटली आणत नाही, म्हणून लस राहूनच जाते. साऱ्या पाड्याने एक दिवस ठरवला तर खर्च वाटला जातो आणि कोणाचे घर सुटत नाही. बाजारातून आणलेली नवी कोंबडीही दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा.

यरुशलेमेवरची आपली माया सांगताना प्रभूने पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचाच दाखला दिला. त्या मुक्या जिवाची काळजी म्हणजे गरीब बहिणीच्या संसाराची काळजी. आपल्या मंडळीत व बचत गटात उन्हाळ्याआधी लसीचा एक दिवस ठरवावा, ही नम्र विनंती.