कमाटी बागेतील दुसरा रविवार

सयाजी बागेला आपण बडोदेकर मराठी मंडळी अजूनही कमाटी बागच म्हणतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १८७९ साली, विश्वामित्रीच्या काठी ही बाग उभी राहिली. संग्रहालय, प्राणिसंग्रहालय आणि तारांगण यांमुळे रविवारी सायंकाळी तेथे मोठी गर्दी लोटते. तिच्यात रावपुरा-दांडिया बाजारातून आजी-आजोबांबरोबर आलेली नातवंडे असतात, तशीच फुगे, कणसे आणि खेळणी विकणाऱ्यांची मुलेही असतात. एरवी ही दोन्ही मुले एका डॉक्टरसमोर क्वचितच येतात. दवाखान्यात येते ते आजारी मूल, आणि तेही ज्याच्या पालकांना आजार जाणवला व उपचार परवडला असे. बागेत भेटते ते वरकरणी बरे असलेले मूल, आणि त्याच्याकडे बारकाईने पाहण्याची सवय आपल्या व्यवसायाला फारशी नाही.

गेली काही वर्षे आम्ही चार-पाच डॉक्टर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सायंकाळी चार ते साडेसहा, या बागेत एक टेबल मांडून बसतो. या कामाचे स्वरूप सभासदांना कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

साहित्य थोडकेच लागते. उंची मोजण्याची फळी, झाडाच्या फांदीला अडकवायचा झोळीचा वजनकाटा, दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी, सहा मीटरवर लावायचा ‘ई’ अक्षराचा तक्ता आणि वाढीचे आलेख. मोजमाप हे काम सर्वांत सोपे समजले जाते आणि सर्वांत अधिक बिघडते तेही हेच. दोन वर्षांखालील मुलाची लांबी निजवून घ्यावयाची आणि त्यापुढील मुलाची उंची उभे करून. एकच मूल एकदा निजवून व एकदा उभे करून मोजले तर सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक येतो. तो लक्षात घेतला नाही तर वाढ खुंटल्याचा भास होतो. वाऱ्याने झोळी हलते, म्हणून काटा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. दंडघेर डाव्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, पट्टी न आवळता घ्यावा. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तो ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून सूजही पाहावी लागते, कारण सूज असलेल्या मुलाचे वजन फसवे असते.

टेबलाशी प्रथम येतात त्या आजीबाई. “डॉक्टर, हा काही म्हणजे काही खात नाही हो!” ही तक्रार मी या बागेत इतक्या वेळा ऐकली आहे की, वाढीचा आलेख मी आता तोंड उघडण्यापूर्वीच पुढे करतो. बहुतेक वेळा नातवाचा ठिपका आपल्या रेषेवर व्यवस्थित असतो. काही वेळा तो वरच्या रेषेच्याही पलीकडे गेलेला असतो. खरा प्रश्न निराळाच निघतो. दीड वर्षाचे गुटगुटीत मूल दिवसाकाठी लिटरभर दूध पिते, वरणभाताला तोंड लावत नाही, आणि त्याच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते. दुधात लोह जवळजवळ नसते, आणि पोट दुधानेच भरल्यावर लोह असलेले अन्न जाणार कोठे? दूध अर्ध्या लिटरवर आणा, असे सांगितले की आजींचा चेहरा उतरतो. दूधदुभत्याच्या या मुलखात हा सल्ला जवळजवळ अधर्म ठरतो!

दुसरा नेहमीचा समज कोवळ्या उन्हाचा. सकाळी सातच्या उन्हात बाळाला फिरविले की ‘ड’ जीवनसत्त्व मिळते, असे आपल्याकडे घरोघर मानले जाते. वस्तुतः त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोहोचतात. कोवळ्या उन्हात ते फार थोडे असतात. म्हणूनच तान्ह्या बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० युनिट थेंबांच्या रूपाने द्यावे लागतात. मात्र बागेत आणण्याचा एक लाभ निर्विवाद आहे. मोठ्या मुलांनी दिवसाचे सुमारे दोन तास उघड्यावर घालविले तर चष्मा लागण्याचा संभव कमी होतो. ‘ई’च्या तक्त्यापुढे अडखळणारी मुले आम्हांला दर रविवारी भेटतात, आणि त्यांच्या आईवडिलांना त्याची कल्पनाही नसते.

परंतु ज्यांच्यासाठी हे टेबल खरोखर मांडावे, ती मुले आपण होऊन टेबलाशी येत नाहीत. ती प्रवेशद्वारापाशी, गाडीच्या सावलीत बसलेली असतात. त्यांचे आईवडील दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूर या बाजूंनी कामासाठी आलेले असतात. आम्ही पूर्वी कारंज्याजवळ बसत असू. तेथे केवळ फिरायला आलेलेच लोक येत. टेबल द्वाराजवळ हलविले आणि एकाने पट्टी खिशात घालून गाड्यांमधून हिंडायचे ठरविले, तेव्हा चित्र पालटले.

एका फुगेवाल्याची दोन वर्षांची मुलगी अशीच सापडली. दंडघेर ११.१. हसत होती, फुग्याची दोरी ओढत होती. अशा मुलाला साध्या जुलाबाने किंवा न्यूमोनियाने मृत्यू येण्याचा धोका निरोगी मुलापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे, असे मी सांगितले. वडील म्हणाले, “साहेब, दाडी पडे छे.” रोज बुडतो, हे दोनच शब्दांत. केंद्रात साधारण दोन आठवडे राहावे लागते, आई बरोबर हवी, आणि आईच्या कडेवर आणखी एक तान्हे होते. त्या माणसाचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. त्याचा हिशेब बरोबर होता. अखेर गावाहून आजी आली, तान्ह्याची सोय झाली आणि मुलगी दाखल झाली. यात अकरा दिवस गेले. मुदत पुरी होण्याआधीच होळी आली आणि कुटुंब गावी निघून गेले. ही मंडळी होळीला शहरात थांबत नाहीत. गावच्या आशा कार्यकर्तीशी दूरध्वनीवर बोलून ममता दिवसाला तिचे वजन घेण्याची व्यवस्था केली. जूनमध्ये ती पुन्हा प्रवेशद्वाराशी दिसली तेव्हा दंडघेर १२.३ होता. पट्टीवर पिवळा रंग, हिरवा नव्हे.

तेव्हापासून आमचे वेळापत्रक होळीकडे पाहून ठरते. त्याआधीच्या महिन्यात आम्ही एक जादा रविवार घेतो. गावी ठेवलेल्या ममता कार्डाचे छायाचित्र नातेवाइकांकडून भ्रमणध्वनीवर मागवून घेतो, गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा झाली की नाही ते पाहतो, आणि जलसंजीवनीची पाकिटे व झिंकच्या गोळ्या बरोबर देतो. जुलाबात झिंक चौदा दिवस द्यावयाचे असते. जुलाब थांबले की गोळ्याही थांबतात, म्हणून ते तीनदा सांगावे लागते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, त्यानंतर हे सांगणे विशेष उपयोगी पडले.

या मुलांतील पांढुरकेपणाविषयी तरुण सहकाऱ्यांना एक सूचना. आदिवासी पट्ट्यातून आलेल्या मुलाला लोहाचे औषध लिहून मोकळे होऊ नये. सांधे दुखतात का, हातपाय सुजतात का, हे विचारावे; प्लीहा चाचपावी आणि सिकलसेलची तपासणी करवून घ्यावी. गुजरातेत ही तपासणी सरकारी व्यवस्थेत उपलब्ध आहे, चिठ्ठी मात्र आपण द्यावी लागते.

फलक, हारतुरे आणि टॉनिकच्या बाटल्या आम्ही कटाक्षाने टाळतो. एका औषध कंपनीने बाटल्या व छत्री दोन्ही देऊ केली होती. छत्रीचा मोह झाला खरा, पण तिच्यावर बाटलीचेच चित्र होते! फुकट बाटली मिळाली की पालकांना वाटते उपचार झाला, आणि पुढच्या रविवारी वजन करायला कोणी येत नाही. तारीख न चुकणे हेच आमचे एकमेव आकर्षण आहे.

सध्या दोन गोष्टींची निकड आहे. दाहोदकडची भिली बोली समजणारा एखादा सहकारी हवा, कारण आया गुजरातीत ‘हो’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘समजले’ असा नसतो. आणि मे महिन्यात सभासद गावोगाव जातात, तेव्हा दुसऱ्या रविवारी टेबलाशी किमान दोघे तरी हवेत. ज्यांना शक्य असेल त्यांनी कार्यवाहांकडे नाव द्यावे.