नवरीचा शेला निवडताना

तुळशीची लग्नं लागली की आपल्या चांदवडसारख्या गावात घरोघरी बस्त्याची धांदल सुरू होते. शालू ठरतो, दागिने ठरतात, मानपानाची लुगडी बांधून होतात आणि अगदी शेवटी कुणाला तरी शेल्याची आठवण होते. मग "द्या हो एखादा लाल, टिकल्यांचा," म्हणून घाईघाईने तो उचलला जातो. पण मैत्रिणींनो, नवरीच्या चेहऱ्याला सगळ्यांत जवळ असतो तो हा शेलाच, बरं का! चेहरा खुलवायचा की झाकोळून टाकायचा, ते त्याच्याच हाती असतं.

अलीकडे सिनेमे आणि मालिका पाहून खड्यांनी मढवलेली जाळीची ओढणी पार कपाळावर ओढून घ्यायची हौस आली आहे. हौसेला मोल नसतं, हे खरंच. पण आपल्याकडे चेहरा झाकायला अंतरपाट असतो, नि तोही मंगलाष्टकं संपेपर्यंतच! शेल्याचं काम झाकण्याचं नाही. चेहऱ्याला महिरप करण्याचं आहे. एवढं लक्षात ठेवलं की निवड निम्मी सोपी होते.

रंग कसा पाहावा?

शेला गादीवर पसरून पसंत करू नका. मुलीला दुकानाच्या दाराशी उजेडात उभी करा आणि तिच्या डोक्यावरून घेऊन पाहा. "सावळी आहे, फिकटच दाखवा," असं तिच्यादेखत कृपा करून कुणी म्हणू नये. त्या एका वाक्याने तिचा चेहरा जो उतरतो, तो मग कुठल्याही जरीने खुलत नाही. आणि ते खरंही नाही! डाळिंबी, राणी, मोरपंखी, गर्द हिरवा हे रंग सावळ्या कांतीवर किती तेजस्वी दिसतात! गोऱ्या मुलीला अबोली किंवा मोतिया शोभतो. साडी पिवळी असेल तर लाल नाहीतर हिरवा शेला उठून दिसतो. साडीच्याच रंगाचा घेतलात, तर दोन्ही एकमेकांत हरवून जातात.

चेहरा गोल असेल तर शेला अंबाड्याच्या मागच्या बाजूला टाचावा, म्हणजे चेहरा जरा लांबट भासतो. मुळात लांबट चेहऱ्याला तो भांगाजवळ, पुढे घ्यावा. ठेंगण्या मुलीला रुंद काठ नको. बारीक काठाचा आणि सरळ खाली सुटणारा बरा.

नक्षी किती हवी?

नवरीच्या कपाळावर मुंडावळ्या असतात, नाकात नथ, गळ्यात ठुशी नि तन्मणी. त्यात शेल्याच्या काठालाही मोत्यांचे घोस लावले, तर पाहणाऱ्याने पाहायचं काय? चेहऱ्याजवळचा काठ साधा जरीचा ठेवावा आणि आरीकाम किंवा जरदोसी पाठीवर येणाऱ्या पदरावर घ्यावी. टोकदार खडे नथीत नि केसांत अडकतात, तेही टाळावेत.

वजन तर जरूर पाहा. दुकानातच मुलीला पंधरा मिनिटं शेला डोक्यावर ठेवून बसू द्या. वैशाखातल्या मांडवात तिला तो तासन्‌तास सांभाळायचा आहे. मान दुखायला लागली की हसू कुठून येणार?

होमाजवळ जपा

सर्वांत महत्त्वाचं हे. नायलॉन, पॉलिस्टरची जाळी चटकन पेटते, वितळते आणि कातडीला चिकटते. लाजाहोमाला नि सप्तपदीला नवरी अग्नीजवळच असते. म्हणून शक्यतो रेशमी किंवा सुती शेला घ्यावा. कुठलाही असला, तरी होमाच्या वेळी त्याची टोकं कमरेशी नीट खोचावीत आणि करवलीला त्यावर लक्ष ठेवायला सांगावं. वराच्या उपरण्याशी गाठ मारायची असते, तेव्हा लांबी अडीच मीटरच्या आसपास असू द्यावी. आखूड शेला गाठीबरोबर डोक्यावरून ओढला जातो.

येवला काही दूर नाही

पैठणीच्या विणीचा शेला हवा असेल, तर मनमाडमार्गे पन्नासएक किलोमीटरवर येवला आहे. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. घेताना काठ उलटून पाहा. हातमागावर नक्षीचे रंगीत धागे हातानं गुंफतात, म्हणून मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे, कापलेले धागे दिसतात. नक्कल घेण्यात कमीपणा मुळीच नाही, फक्त अस्सलचे पैसे मोजू नयेत! शुद्ध रेशमासाठी 'सिल्क मार्क' पाहावा. तो 2004 पासून मिळतो. घरात आजीची विरलेली पैठणी असेल, तर तिचा धड पदर मलमलीच्या अस्तरावर बेतून सुरेख शेला होतो, आणि आजीचा आशीर्वादही डोक्यावर राहतो.

लग्नानंतर शेला पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि जरीवर अत्तर तर मुळीच उडवू नका, ती काळी पडते. दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी. असा जपलेला शेला मग देवीच्या दर्शनाला, डोहाळजेवणाला, बारशाला पुन्हा खांद्यावर येतो. एका दिवसासाठी घेतलेल्या जड ओढणीपेक्षा असा शेला केव्हाही परवडतो, नाही का?