गोणीवरचे आकडे आणि नववीचं रसायन

विदर्भातल्या शाळा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. वाशिम जिल्ह्यात त्याच सुमारास सोयाबीनच्या पेरणीची धांदल असते. रिसोड-मालेगावकडच्या एखाद्या गावात नववीत गेलेलं मूल सकाळी बियाण्याला रायझोबियम हे जिवाणूखत चोळायला मदत करतं, खताच्या गोण्या मोजून ओसरीत लावतं आणि मग वर्गात जाऊन ‘द्रव्याचे मोजमाप’ हा धडा उघडतं. धड्यात अणुवस्तुमान आहे, संयुजा आहे, मोल आहे. सकाळच्या त्या गोणीचा या धड्याशी थेट संबंध आहे, हे बहुतेक वेळा त्याला कुणी सांगत नाही. मग संयुजांचा तक्ता पाठ होतो, समीकरणं कशीबशी संतुलित होतात आणि दहावीच्या सुट्टीपर्यंत ‘आपल्याला केमिस्ट्री जमत नाही’ हे घरात ठरून गेलेलं असतं.

विषय अवघड आहे, हे खरंच. तो का अवघड आहे, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर ग्लासगो विद्यापीठातले रसायनशिक्षणाचे अभ्यासक ॲलेक्स जॉनस्टन यांचं आहे. १९९१ साली त्यांनी मांडलं की रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतं. डोळ्यांना दिसतं ते एक : रंग, वास, बुडबुडे, ऊब. न दिसणारे अणू, रेणू, आयन हे दुसरं. आणि कागदावरची चिन्हं, सूत्रं, समीकरणं हे तिसरं. शिकवणारा फळ्यासमोर एकाच वाक्यात या तिन्हींवरून फिरून येतो, कारण त्याला ती सवय असते. ऐकणारं मूल मात्र अजून पहिल्या पातळीवरही नीट उभं राहिलेलं नसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पदार्थ समोर हवा, मग त्याच्या आत काय घडलं ते, आणि चिन्हं सगळ्यात शेवटी.

मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना रसायनशास्त्राची ओळख करून दिली, ती सहा व्याख्यानांत आणि एका मेणबत्तीच्या आधाराने. वाशिमच्या शिक्षकाला मेणबत्तीच घ्यायला हवी असं नाही.

हळद घ्यावी. या भागात आणि शेजारच्या हिंगोलीत ती पिकते आणि प्रत्येक घरात ती आहेच. हळदीचं पाणी लावून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या करायच्या. साबणाच्या पाण्यात पट्टी बुडवली की ती लालसर तपकिरी होते. वरणाचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावल्यावर हेच होतं आणि घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं. त्या लाल पट्टीवर लिंबू पिळलं की पिवळा रंग परत येतो. इथपर्यंत फक्त पाहायचं. दुसऱ्या दिवशी सांगायचं की हळदीत करक्युमिन आहे, आम्लारी त्याच्या रेणूतला हायड्रोजन आयन काढून घेते, रेणू प्रकाश वेगळ्या तऱ्हेने शोषतो आणि रंग बदलतो. लिंबातलं आम्ल तो आयन परत देतं. मग एखादी चौकस मुलगी साध्या पाण्यात आणि व्हिनेगरमध्ये पट्टी बुडवून पाहते. दोन्हीकडे पिवळाच! म्हणजे हळद आम्लारी ओळखते, पण आम्ल आणि पाणी यांत तिला फरक करता येत नाही. तिथे जास्वंदीच्या फुलांचा अर्क कामाला येतो : आम्लात गुलाबी-लाल, आम्लारीत हिरवा. एक दर्शक कुठे थांबतो आणि दुसरा का लागतो, हे ज्या मुलांनी स्वतः शोधलं, त्यांना ‘सामू’ (pH) म्हणजे काय हे सांगायला फार वेळ लागत नाही. घरी जमीन आरोग्य पत्रिका असेल तर तिच्यावर सामूचा आकडा छापलेला असतोच. आपल्या काळ्या जमिनीचा तो बहुधा सातच्या वर निघतो, कारण बेसॉल्टपासून झालेल्या या मातीत चुनखडी असते.

याहून मोलाचा धडा संत्र्याच्या बागेत आहे. मंगरूळपीर-कारंजा भागातले बागायतदार झाडांच्या बुंध्याला बोर्डो हे बुरशीनाशक लावतात, काही जण बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्क्याचं मिश्रण करण्याची रीत अशी : एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) पन्नास लिटर पाण्यात विरघळवायचं, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये विझवायचा, आणि दोन्ही द्रावणं तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतत ढवळायची. आकाशी निळा रंग येतो. मग जुना जाणता माणूस विळ्याचं पातं घासून चकचकीत करतो आणि क्षणभर त्यात बुडवून धरतो. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. आणखी चुन्याची निवळी घालायची आणि पुन्हा पातं बुडवायचं. पातं जसंच्या तसं राहिलं की मिश्रण फवारायला तयार.

ही परीक्षा म्हणजे पाठ्यपुस्तकातला कॉपर सल्फेट आणि लोखंडी खिळ्याचा प्रयोग. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात उतरतो आणि तांब्याचा आयन ते इलेक्ट्रॉन घेऊन पात्यावर बसतो. पुस्तक याला विस्थापन म्हणतं. चुना पुरेसा असेल तर तांबं अविद्राव्य संयुगात अडकलेलं असतं, पात्यापर्यंत येतच नाही. मोकळं राहिलेलं तांबं पानं करपवतं, म्हणून ही तपासणी. बोर्डो लोखंडी भांड्यात का करायचं नाही, याचं उत्तरही त्याच अभिक्रियेत आहे. वर्गात हे करायला शंभर लिटर लागत नाहीत. एक ग्रॅम मोरचूद, एक ग्रॅम चुना आणि शंभर मिलिलिटर पाणी पुरतं. टक्का तोच राहतो. फ्रान्सच्या बोर्डो परिसरात १८८५ च्या सुमारास मिलार्दे यांनी द्राक्षांवरच्या केवड्यासाठी हे मिश्रण पुढे आणलं आणि शहराचं नाव त्याला चिकटलं. माझं मत असं की दहावीत ‘विस्थापन अभिक्रिया’ शिकवण्याआधी मुलांना एकदा तरी बागेत नेऊन ते पातं दाखवावं.

मोल ही संकल्पना मुलांना सर्वांत जास्त छळते. तिच्यासाठी युरियाची गोणी आहे. आधी बादलीभर पाण्यात चार मुठी युरिया टाकून हात घालायचा. पाणी गार लागतं, कारण युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता घेतो. मग वही काढायची. युरियाच्या एका रेणूत कार्बनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार. बारा, सोळा, अठ्ठावीस आणि चार, बेरीज साठ. म्हणजे साठ ग्रॅम युरिया हा एक मोल आणि त्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू. गोणी ४५ किलोची, म्हणजे ४५,००० ग्रॅम. साठने भागा : बरोबर ७५० मोल. हिशेब इतका स्वच्छ सुटतो की मुलं आधी विश्वासच ठेवत नाहीत.

आता साठात नायट्रोजन अठ्ठावीस, म्हणजे ४६.६७ टक्के. गोणीवर छापलंय ४६. हा फरक कुठून आला? प्रश्न मुलांकडूनच यायला हवा, शिक्षकांनी थोडं थांबावं. पुस्तकातला युरिया शुद्ध असतो, कारखान्यातून आलेल्या युरियात थोडा ओलावा आणि बाययुरेटसारखे घटक राहतात, म्हणून गोणीवर किमान ४६ टक्क्यांची हमी असते. शुद्ध धरला तर एका गोणीत एकवीस किलो नायट्रोजन, गोणीवरच्या आकड्याने वीस किलो सातशे ग्रॅम. सूत्र आणि वास्तव यांतली ही तीनशे ग्रॅमची फट ज्याला समजली, त्याला ‘शुद्धता’ या शब्दाची वेगळी व्याख्या पाठ करावी लागणार नाही. पुढे डीएपीच्या गोणीवरचे १८:४६ हे आकडे त्याने स्वतः तपासावेत. तिथला ४६ फॉस्फरसचा नसून फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेला आहे, एवढी खूण पुरे.

आवर्तसारणी दहावीत येते, आणि ते योग्य वाटतं. मेंडेलीव्हने १८६९ साली ती मांडली तेव्हा त्याच्याजवळ डझनावारी मूलद्रव्यांच्या गुणधर्मांची माहिती होती. त्या बळावर त्याने रिकाम्या जागा सोडल्या, आणि १८७५ मध्ये सापडलेलं गॅलियम त्यातल्या एका जागेत बसलं. मुलालाही आधी काही मूलद्रव्यांचा स्वभाव माहीत हवा. भाषेचीही तयारी आधीपासून हवी. अकरावीत विषय बहुतेक ठिकाणी इंग्रजीत जातो, तेव्हा नववीपासूनच वहीत आम्लारीशेजारी ‘बेस’, मूलद्रव्याशेजारी ‘एलिमेंट’ असं लिहून ठेवलं तर पुढचे दोन महिने वाचतात.

वर्गातले प्रयोग शिक्षकांसमोरच करावेत. मोरचूद विषारी आहे, चुना डोळ्यात गेला तर इजा करतो, आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल नेहमी पाण्यात थेंब थेंब घालायचं, त्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. उष्णतेने आम्ल उसळून अंगावर येतं. घरी संडास धुण्याचं आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन निघतो. आणि एक तासिका कीटकनाशकाच्या लेबलसाठी ठेवायलाच हवी. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपल्या वर्गातल्या कित्येक मुलांचे वडील पाठीवर पंप घेऊन तेच काम करतात. डब्यावरच्या चौकोनात खालचा त्रिकोण रंगीत असतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. डबा शाळेत आणू नये, लेबलचा फोटो पुरतो. त्यावर सक्रिय घटकाचं नाव, त्याची टक्केवारी आणि विषबाधेवरचा उतारा छापलेला असतो. कुणाला त्रास झाला तर दवाखान्यात जाताना ते लेबल सोबत न्यायचं.