अळीची शिदोरी

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील अरण्यांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसर रेशमाचे किडे पाळण्यात येतात. या रेशमास तिकडे कोसा म्हणतात. ढिवर समाजातील अनेक कुटुंबांचा हा परंपरागत व्यवसाय होय. ॲन्थेरिया मायलिटा असे शास्त्रीय नाव असलेल्या या किड्याच्या जीवनक्रमात एक विलक्षण गोष्ट आढळते. पतंग झाल्यानंतर तो काहीही खात नाही. त्याचे मुखावयव खाण्याच्या कामाचेच नसतात. तरीही नर मादीच्या शोधात उडतो आणि मादी दोनशेच्या आसपास अंडी घालते. एवढ्या उद्योगास लागणारी शक्ती येते कोठून?

या प्रश्नाचे उत्तर अळीपाशी मिळते. अंड्यातून बाहेर पडलेली अळी महिना-सव्वा महिना पाला खाण्यावाचून दुसरे काही करीत नाही. चार वेळा कात टाकून ती वाढते, आणि वाढता वाढता कातडीखाली व आतड्याभोवती पांढरट थर साठविते. या थरांस ‘मेदपिंड’ असे म्हणतात. मेदपिंड हे केवळ चरबीचे कोठार नव्हे. आपल्या शरीरात यकृत आणि चरबी जी कामे वाटून घेतात, ती कीटकात मेदपिंडाकडे एकत्र आलेली असतात. त्याच्या पेशींत मेद, ग्लायकोजेन आणि पुढे उपयोगी पडणारी प्रथिने यांचा संचय होतो. लांबच्या प्रवासास निघणाऱ्याने शिदोरी बांधून घ्यावी, तसाच हा प्रकार आहे.

कोश विणून झाला की अळीचे जुने शरीर मोडण्यास प्रारंभ होतो. धागा देणाऱ्या रेशीमग्रंथींचे काम संपलेले असते; त्यांच्या पेशी मरतात. पाला पचविणारे आतडेही बदलते. परंतु हे मोडणे म्हणजे कुजणे नव्हे. पेशी आपलेच घटक लहान लहान पिशव्यांत गुंडाळून पचवू लागते, यास ‘स्वभक्षण’ म्हणतात. आणि सुटलेले द्रव्य नव्या अवयवांच्या बांधणीस उपयोगी पडते. या घडामोडींची वेळ मुख्यतः एक्डायसोन या संप्रेरकाच्या चढउतारांवरून ठरते. १९५४ साली बुटेनान्ट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी रेशीमकिड्यांच्या ५०० किलोग्रॅम कोशितांपासून ते शुद्ध स्वरूपात मिळविले, तेव्हा हाती आले ते अवघे २५ मिलिग्रॅम!

पेशींचे असे मरण ठरलेल्या क्रमाने घडते, हा विचारही टसरच्या भाऊबंदांवरील प्रयोगांतूनच पुढे आला. पतंगाला कोशातून बाहेर पडण्यास साहाय्य करणारे पोटाचे काही स्नायू, ते काम उरकताच सुमारे दोन दिवसांत नाहीसे होतात. अमेरिकेत लॉकशिन आणि विल्यम्स यांनी ॲन्थेरिया वंशातील पतंगांत हा क्रम अभ्यासिला आणि १९६४ साली त्यास ‘नियोजित पेशीमृत्यू’ असे नाव दिले.

मेदपिंडाचे पुढे काय होते, हे फळमाशीत अधिक स्पष्टपणे पाहता आले आहे. कोशितावस्थेत तिच्या मेदपिंडाच्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि शरीरातील द्रवात तरंगू लागतात. माशी बाहेर पडते तेव्हाही त्यांपैकी पुष्कळशा जिवंत असतात. मात्र पुढील दोन-तीन दिवसांत त्या मरून जातात आणि त्यांच्या जागी प्रौढ माशीचा स्वतःचा मेद येतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या पेशींचे मरण रोखण्यात आले, तेव्हा माशा उपासमारीत नेहमीपेक्षा अधिक काळ टिकल्या. म्हणजे अळीने बांधलेली शिदोरी प्रौढ माशीलाही पहिले दिवस पोसते.

विदर्भातील कोसा उत्पादकाच्या दृष्टीने या शास्त्राचे महत्त्व थोडे नाही. धागा काढावयाचे कोश वाफ देऊन मारतात, कारण पतंग बाहेर पडला की कोशास भोक पडते आणि अखंड धागा निघत नाही. पुढील पिकासाठी राखलेले बीजकोश मात्र जिवंत ठेवावे लागतात. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, सुमारे सहा महिने, आतील कोशित सुप्तावस्थेत असतो. त्या काळात त्याचा श्वास मंद चालतो, पण थांबत नाही. साठविलेला मेद थोडा थोडा खर्च होतच असतो. उष्णता वाढली की खर्चही वाढतो. म्हणून विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात बीजकोश हवेशीर आणि थंड जागी टांगून ठेवणे अत्यावश्यक ठरते. काही पतंग अवेळी बाहेर पडले, तर त्यांना जोडीदार मिळत नाहीत, आणि अंडी मिळालीच तरी अळ्यांपुढे पावसाळ्यातील कोवळा पाला नसतो.

पहिल्या पावसानंतर एखाद्या संध्याकाळी बीजकोशातून पतंग बाहेर येतो, तेव्हा त्याचे पंख आणि मादीच्या पोटातील अंडी ही सारी मागील हंगामात खाल्लेल्या पाल्याचीच रूपे असतात. कोसा उत्पादकाच्या हाती पडणारे पीक त्या जुन्या पाल्यावर उभे असते. म्हणूनच शरद ऋतूत अळ्यांना मिळालेला भरपूर पाला आणि उन्हाळ्यात बीजकोशांना मिळालेली सावली, या दोन गोष्टींवर पुढच्या वर्षीचे पीक अवलंबून राहते.