पाण्यातला दादरा

२०२० च्या उन्हाळ्यातली गोष्ट. टाळेबंदी लागली आणि माझी बहीण तिच्या अकरा वर्षांच्या मुलासह बाभुळगावला आमच्याकडेच अडकून पडली. मुलाला बाहेर सोडता येईना. घरात कोंडलेलं पोरगं किती दिवस पुस्तक वाचणार? एका दुपारी तो माळ्यावर चढला आणि माझ्या धाकट्या भावाचा जुना टीव्ही गेम घेऊन खाली आला. नव्वदच्या दशकात यवतमाळहून आणलेला तो डबा, त्याच्या वायरी गुंडाळलेल्या, कॅसेटवर धुळीचा थर. भाच्यानं कॅसेट तोंडाजवळ धरून फुंकली, खाचेत दाबली, आणि नवल म्हणजे ते यंत्र चालू झालं. ही फुंकण्याची विद्या त्याला कुणी शिकवली, अल्ला जाणे!

त्या दिवसापासून घरात सकाळ-संध्याकाळ एकच टिवटिव सुरू झाली. मी वैतागलो. कवितेच्या चार ओळी जुळवायला बसावं तर आतल्या खोलीतून तीच ती धून, शंभरदा, दोनशेदा. तसाही माझा त्या पिढीवर राग होताच. शाळा-महाविद्यालयांत कविता वाचायला जातो तेव्हा वृत्तातली कविता सुरू झाली की समोरची पोरं मोबाइलकडे बघू लागतात. यांचे कान मेले आहेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग एका संध्याकाळी रेडिओवर दादऱ्यातली एक जुनी चीज लागली. मी डोळे मिटून ऐकत होतो. भाचा खेळ थांबवून दारात आला आणि म्हणाला, "मामू, ये तो पानीवाला है!" मी दटावलं, की गाणं चालू असताना मधे बोलू नये. तो ऐकेना. हाताला धरून त्यानं मला टीव्हीपुढे नेलं. त्या खेळातला मिशीवाला मारिओ एका टप्प्यावर पाण्यात उतरतो, पोहत पोहत पुढे जातो आणि तेवढ्यापुरती धून बदलते. मी कान दिला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. माझं दटावणं माझ्याच घशात अडकलं.

पोरगं बरोबर होतं. पाण्यातली ती धून वॉल्ट्झच्या चालीची आहे. वॉल्ट्झ म्हणजे युरोपातला तीन मात्रांचा, झुलता नाच. आपला दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन भागांचा. दोन्हींची सुरावट वेगळी, वाद्यं वेगळी, मुलूख वेगळा. पण चाल झोपाळ्याची. ज्या मुलानं कधी तबल्याला हात लावला नाही, त्यानं हे सगळं वेगळेपण बाजूला सारून नेमकी चाल तेवढी ओळखली. तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.

हे त्याला कुठून आलं, याचा मी पुढे बराच विचार केला. मी काही संगीताचा जाणकार नव्हे, मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालेला माणूस. पण कवी असल्यामुळे एक गोष्ट मला माहीत आहे. हात गुंतलेले असले की कान मोकळा होतो. आमची अम्मी पहाटे जात्यावर बसायची. खुंटा फिरायचा तसा ओवीचा चरण फिरायचा. ती ओवी आम्ही कुणी पाठ केली नाही, तरी आम्हा भावंडांच्या अंगात ती भिनली. दख्खनच्या सूफींनी तर हे गुपित फार पूर्वी ओळखलं होतं. दळणाऱ्या बायकांच्या तोंडी बसावं म्हणून दखनी भाषेत 'चक्कीनामा' नावाच्या रचनाच झाल्या. जातं फिरत राही आणि त्या फेऱ्यांबरोबर शिकवण कानात उतरत राही.

व्हिडिओ गेमचं संगीत याच जातीचं आहे, असं मला वाटतं. बैठकीत ऐकायच्या गाण्यापेक्षा ते कामावरच्या गाण्याला जवळचं. दळण किती वेळ चालेल हे ओवीला माहीत नसतं, तसंच खेळणारा या टप्प्यावर दोन मिनिटं राहील की दोन तास, हे खेळाच्या संगीतकाराला माहीत नसतं. म्हणून त्याला अशी धून रचावी लागते, जिचा शेवट सुरुवातीला येऊन चिकटेल आणि सांधा दिसणार नाही. आपण आवर्तन म्हणतो, त्याची ही यंत्रातली बहीण.

आता यंत्राच्या आत काय होतं तेही बघू या. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं १९८३ मध्ये जो खेळाचा डबा काढला, त्याच्याच नकला पुढे आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून आल्या. त्याच्या आवाजाच्या चिपमध्ये पाचच वाटा होत्या. दोन वाटा पेटीसारख्या चिरक्या आवाजाच्या, त्यांवर धून आणि तिची जोड. तिसरी वाट जरा गोल, खालच्या सुरांसाठी. चौथीवर नुसती खरखर. तिचे तुकडे पाडून ढोल-झांजेचा भास करायचा. पाचवी वाट मुद्रित आवाजाच्या बारीकशा तुकड्यांसाठी, आणि तीही क्वचितच वापरायची. सुरांच्या तिन्ही वाटांवर एका वेळी एकच सूर निघे. जागा तर इतकी अपुरी, की १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा सबंध खेळ चित्रांसकट अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. आज आपण फोनवर 'शुभ सकाळ'चं जे चित्र पाठवतो, ते सहसा त्याहून मोठं असतं. एवढ्याशा जागेत कोजी कोंडो या तरुण संगीतकारानं जमिनीवरची, भुयारातली, पाण्यातली आणि किल्ल्यातली अशा चार वेगवेगळ्या धुना बसवल्या. तीन ओळींत सगळं सांगायची सक्ती असली की काय होतं, हे कवीला वेगळं सांगायला नको.

या खेळात सूर शोभेपुरता नसतो, तो निरोप्याचं काम करतो. मारिओला नाणं मिळालं की 'टिडिंग' असा दोन सुरांचा आवाज येतो. माझ्या अब्बांची जुनी पेटी आमच्या घरी आहे. उरुसात कव्वालीला ते ती वाजवायचे. भाच्यानं एका बोटानं त्या पेटीवर ते नाणं शोधून काढलं. मी पाहिलं तर ते पंचमावरून वरच्या षड्जावर जाणं होतं, प–सां. वाचकांनी घरी वाजवून बघावं. प–सां म्हणजे काहीतरी पदरात पडलं, हा अर्थ जगभरच्या कोट्यवधी मुलांच्या कानावर कुठलीही भाषा न येता कोरला गेला. वेळ संपत आला की तीच धून जास्त घाईनं वाजते आणि मुलाचा तळहात घामेजतो. याची सुरुवात त्याही आधीची. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये नुसते चार उतरते सूर फिरत राहत आणि शत्रू जसजसे कमी होत तसतसे ते सूर धावू लागत. लय चढली की छाती धडधडते, हे आपल्याला परकं नाही. कव्वाल अखेरीला हेच करतो आणि तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजनंही अशीच चढत जातात. फरक एवढाच की तिथे लय गाणारा वाढवतो, इथे खेळणाऱ्याच्या स्थितीवरून ती वाढते.

म्हणजे समज आली. आणि आवड? तीही याच वाटेनं येते. 'टेट्रिस' नावाचा ठोकळे रचायचा खेळ १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी तयार केला. १९८९ मध्ये तो निन्टेन्डोच्या हातातल्या छोट्या यंत्रावर आला, तेव्हा हिरोकाझू तनाका यांनी त्याला 'कोरोबेइनिकी' या रशियन लोकगीताची चाल दिली. कोरोबेइनिकी म्हणजे गावोगाव हिंडणारे फेरीवाले. त्या गीताचे शब्द निकोलाय नेक्रासोव या कवीच्या १८६१ सालच्या दीर्घकवितेतले. शब्द रशियात राहिले आणि चाल जगभर फिरली. खरं सांगतो, हे कळलं तेव्हा एका कवीच्या वतीनं मला थोडं वाईट वाटलं.

या चालीत गंधार, धैवत आणि निषाद कोमल आहेत. आपल्या हिशेबानं हे आसावरी थाटाचे स्वर झाले. म्हणून ती आपल्या कानाला उदास, ओळखीची वाटते. पण तिला आसावरी राग म्हणता येणार नाही. रागाला स्वरांबरोबर चलन लागतं. कुठे थांबायचं, कुठला स्वर चाटून जायचा, कुठे वळायचं, याची शिस्त लागते. खेळाच्या धुनेतून मुलाला स्वरांची घरं कळतील. त्या घरातल्या माणसांची चालरीत कळणार नाही.

यवतमाळात सायबर कॅफे आले तेव्हाची पोरं आणखी वेगळ्या वाटेनं गेली. २००२ मध्ये 'व्हाइस सिटी' हा खेळ निघाला. १९८६ सालच्या एका कल्पित अमेरिकी शहरात घडणारा, मारामारीनं भरलेला. मुलांनी तो खेळावा असं मी म्हणणार नाही. पण त्यात गाडीत बसलं की रेडिओ लागतो, स्टेशनं बदलता येतात आणि त्या काळची खरीखुरी इंग्रजी गाणी वाजतात, मायकेल जॅक्सनसुद्धा. ज्यांच्या घरी इंग्रजी गाण्याची एक कॅसेट नव्हती, त्या मुलांना ऐंशीच्या दशकाची ती गाणी खेळातल्या खोट्या रेडिओनं ऐकवली. आयुष्यभर खऱ्या रेडिओला कान लावून बसलेल्या माझ्यासारख्याला ही गंमतच वाटते.

आता रेडिओचा विषय निघालाच आहे तर एक जुनी आठवण द्यायला हवी. यंत्रामुळे कान बिघडतो ही तक्रार नवी नाही. ज्या पेटीवर भाच्यानं नाणं शोधलं, ती पेटी आकाशवाणीवर १९४० मध्ये बंद झाली आणि १९७१ मध्ये कुठे ती बंदी सैल झाली. तीस वर्षं! परदेशातून आलेलं वाद्य, बारा सूर खुंटीला बांधल्यासारखे जागच्या जागी, मींड नाही, श्रुती नाही, अशी जाणकारांची तक्रार. आणि याच पेटीवर भजनी मंडळं गात होती, आमचे कव्वाल गात होते. तिच्या वडीलधाऱ्या ऑर्गनवर मराठी संगीत नाटक उभं होतं. गोविंदराव टेंब्यांनी पेटीला जी प्रतिष्ठा दिली, तीही त्या बंदीच्या आधीचीच.

पण ते जाणकार सपशेल चुकले होते असंही मी म्हणणार नाही. पेटीवर मींड येत नाही, हे खरंच आहे. खेळाच्या संगीताचंही तसंच आहे. त्यातून ठोका कळतो, थर कळतात, धून बदलली म्हणजे प्रसंग बदलला हे कळतं. विलंबित मात्र कळत नाही. आणि मला सर्वांत खटकतं ते हे, की या संगीताला पोचायचं ठिकाण नाही. आपलं गाणं तिहाई घेऊन समेवर येतं आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. खेळातली धून बहुतेक वेळा खेळाडू मरतो तेव्हा तुटते.

खेळाच्या संगीताला मान मिळाला नाही असं आता म्हणता येत नाही. क्रिस्टोफर टिन यांच्या 'बाबा येतू' या स्वाहिली भाषेतल्या गीताला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. ते मूळचं 'सिव्हिलायझेशन ४' या खेळातलं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले ते खेळांच्याच धुनांवर. २०२३ मध्ये कोंडोंची मारिओची धून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतली. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ केला. धाकट्या भावाला सोडवायला निघालेल्या एका मुलीची, पुराणकथांच्या रंगातली ती कथा. तिला संगीत दिलं लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकारानं. यात मला वावगं काही दिसत नाही, पेटीही बाहेरूनच आली होती. पण आपल्याकडच्या एखाद्या पखवाजियाला किंवा शाहिराला कुणी खेळासाठी ठेका मागितला, तर तो काय देईल याची उत्सुकता मात्र लागून राहिली आहे.

भाच्याचं पुढे काय झालं ते सांगतो. टीव्ही गेमचं नवं संपलं आणि तो आईच्या मोबाइलवर पबजीकडे वळला. मला वाटलं, आता कान गेलेच. ऐकायला बसलो तर त्यात सामना सुरू झाल्यावर पार्श्वसंगीत जवळजवळ नव्हतंच. वारा, दूरचा बार, गवतातली पावलं. हेडफोन लावून तो सांगायचा, डावीकडे मागे कुणीतरी आहे. एकदा खेळता खेळताच म्हणाला, "नानी जिने पे है," आणि खरंच माझी अम्मी जिन्यावर होती. सप्टेंबर २०२० मध्ये त्या खेळावर बंदी आली, तो दोन दिवस जेवला नाही. पुढच्या वर्षी तो वेगळ्या नावानं परत आला.

त्यानंतर मी कविता वाचायला जातो तेव्हा एक प्रयोग करतो. भुजंगप्रयातातली ओळ आधी सावकाश म्हणायची आणि पोरांनी टाळी धरायची. ही पहिली लेव्हल. मग तीच ओळ थोडी जलद, मग आणखी जलद. टाळी चुकली की बाद. मोबाइल खिशात जातात. सगळी पोरं तिसऱ्या लेव्हलला पोचत नाहीत, पण मागच्या बाकावरची दोघं-तिघं हमखास पोचतात.

आणि त्या उन्हाळ्यातच मी भाच्याला हातावर दादरा शिकवला. पहिल्या मात्रेवर टाळी, चौथीवर हात उलटा, ती खाली. टाळी त्याला लगेच जमली. खालीपाशी तो अडखळला. त्याच्या पाण्यातल्या धुनेत खाली नव्हतीच. हात तसाच उलटा धरून त्यानं विचारलं, "मामू, यहां क्या करना है?" मी म्हटलं, काही करायचं नाही, फक्त ऐकायचं. ते त्याला पटलं नाही. आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.